पिल्लंवाली कोंबडी बाकीच्या कोंबड्यांत परत कशी सोडायची? सरपंचीण मारतेय

शेवग्याखाली
१८ नोव्हेंबर, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी, इथे वाचते रोज पण लिहितेय पहिल्यांदाच. आम्ही गुहागर तालुक्यात. घरामागच्या परसात नारळ, केळी, दोन आंबे आणि कोपऱ्यात चिऱ्यांचं खुराडं. ९ कोंबड्या आणि एक कोंबडा, सगळे गावठी, सासूबाईंच्या वेळेपासूनचा वाण. नवरात्र बसलं त्याच सुमाराला आमची चंद्री खुडूक झाली, खुराड्यातून उठेचना, हात घातला की फुगून गुर्र करायची. मग तिला सरपणाच्या खोलीत टोपलीत पेंढा घालून ११ अंड्यांवर बसवली. ८ पिल्लं निघाली, एक चौथ्या दिवशी कावळ्याने उचललं, तेव्हापासून घाबरून दार बंदच ठेवलं. आज पिल्लं २४ दिवसांची झाली, पिसं फुटलीत, खोलीत मावत नाहीत, चंद्रीही दाराशी येरझाऱ्या घालते, म्हणून संध्याकाळी चार वाजता सोडली सगळ्यांत.

दोन मिनिटं पण नाही झाली. आमच्याकडे एक तांबडी थोराड कोंबडी आहे, तिला आम्ही सरपंचीण म्हणतो, ती सरळ चंद्रीच्या मानेवर. बाकीच्या तिघी मागून. पिल्लं चहूकडे पांगली, एक जे गोंधळून यांच्याच घोळक्यात शिरलं त्याच्या डोक्यावर चोची मारून मारून कातडी सोलली, मी जाईपर्यंत रक्तबंबाळ. आता ते टोपलीत आहे, हळद आणि खोबरेल लावलंय, डोळे उघडतंय. बाकी पुन्हा खोलीत.

ह्याच कोंबड्या दोन महिन्यांपूर्वी चंद्रीच्या शेजारी आड्यावर बसून झोपायच्या हो. आता ओळख पण नाही? नवरा म्हणतो पिल्लं मोठी होईपर्यंत राहू दे आतच. काय करू?

---

चिरेबंदी
१८ नोव्हेंबर, रात्री १०.०५

ताई आधी पिल्लाचं. त्याला आज आणि उद्या आईपासून फार लांब नेऊ नका पण बाकीच्या पिल्लांतही सोडू नका, लाल दिसलं की भावंडंच टोचतात. टोपली आईच्या शेजारीच ठेवा, आवाज ऐकू यायला हवा. हळदीने वरून पिवळं पिवळं होतं तेही बरंच, लाल झाकलं जातं. पाण्यात बुडेल असं भांडं नको, बशीत खडे टाकून पाणी द्या.

आता काही प्रश्न. सरपणाच्या खोलीला जाळी आहे की बंद दार? म्हणजे गेला दीड महिना बाकीच्या कोंबड्यांना चंद्री दिसत होती का? सोडलं ते कुठे, खुराड्यात की मोकळ्यात? आणि दाणे एकाच जागी टाकता का?

---

मिरगाचा_कोंबडा
१८ नोव्हेंबर, रात्री १०.२२

अगो बाय, चाकरमानी वर्साभरान इलो की घरचो कुत्रो पण भुकता, ह्यो तर कोंबयो. रवणीर बसली तेवा २१ दिस आणि वयले २४, ४५ दिस दाराआड ठेवलंस, त्येंका काय म्हायत ही आपलीच ती.

गंमत सोडा, पण खरंच असंच आहे. आमच्या सिंधुदुर्गात रवणीला म्हणजे अंडी उबवायला बसलेली कोंबडी बहुतेक पडवीतच असते, सगळ्यांच्या पायात. म्हणून हा प्रश्नच फारसा येत नाही.

---

शेवग्याखाली
१८ नोव्हेंबर, रात्री १०.४०

बंद दार. पत्र्याचं. काहीच दिसत नव्हतं 😔 आणि सोडलं खुराड्याच्या दारासमोर कारण तिथेच मी रोज दाणे टाकते, म्हटलं खाण्यात गुंग असतील.

---

चिरेबंदी
१८ नोव्हेंबर, रात्री ११.०१

झालं तर मग, तीनही गोष्टी उलट्या झाल्या. रागावू नका, मी पण पहिल्या वर्षी हेच केलं होतं, माझं तर पिल्लू गेलंच.

कोंबड्यांत कोण वर कोण खाली हे ठरलेलं असतं आणि ते त्या एकमेकींच्या चेहऱ्यावरून आणि तुऱ्यावरून ओळखतात. खुडूक कोंबडी दिवसातून एकदा उठते, धड खात नाही, तिचा तुरा फिका पडून आक्रसतो, वजन उतरतं. त्यात दीड महिना नजरेआड. म्हणजे सरपंचिणीच्या दृष्टीने आज एक अनोळखी, बारीक, फिक्या तुऱ्याची बाई सात पोरं घेऊन थेट तिच्या ताटाशी आली.

म्हणून आता घाई नको पण कोंडूनही ठेवू नका. पिल्लं मोठी होईपर्यंत थांबायचं हा सल्ला मला अजिबात पटत नाही. आता पिल्लांच्या बाजूने लढायला आई आहे. दीड-दोन महिन्यांनी ती पुन्हा अंडी द्यायला लागली की पिल्लांना स्वतःच टोचून हाकलते, मग सात तलंगा (तरण्या माद्या) आणि पेंगे (तरणे नर) बिनआईचे सोडावे लागतील तेव्हा मार जास्त खातील.

---

तिसऱ्या_आणि_कालवं
१९ नोव्हेंबर, सकाळी ६.१५

मी मालवणची, वय ६८, जन्म कोंबड्यांत गेला. आमची आई काय करायची ते सांगते. पिल्लं निघाली की तिसऱ्या दिवशी डालग्याखाली कोंबडी पिल्लांसकट भर अंगणात. मोठं बांबूचं डालगं, वर चिरा ठेवायचा म्हणजे कुत्रं उलटवत नाही. बाकीच्या कोंबड्या भोवती फिरायच्या, आतून बाहेरून एकमेकींना बघायच्या, एखादी टोचायला आली की आतून ही फुत्कारायची, डालग्याच्या काड्या मध्ये असल्यामुळे कुणाला काही व्हायचं नाही. चार दिवसांत बाहेरच्यांची हौस फिटते. मग संध्याकाळी दिवस मावळायच्या तासभर आधी डालगं उचलायचं. एवढ्याच वेळात भांडायचं तेवढं भांडून घेतात आणि काळोख पडला की सगळ्या आपापल्या जागी. दुसऱ्या दिवशी थोडा जास्त वेळ.

तू डालगं आण. आठवडी बाजाराला मिळेल. ऊन आलं की सावलीला सरकवायचं विसरू नकोस, डालग्यात उन्हाने पिल्लं धापा टाकतात.

---

गोठा_खुराडं
१९ नोव्हेंबर, दुपारी १.३०

पशुसंवर्धनात ३१ वर्षं काढली, आता निवृत्त. वरचं डालग्याचं शंभर टक्के बरोबर, माझ्याकडून भर घालतो.

पहिलं, लस. पिल्लांना मानमोडीची म्हणजे राणीखेतची लस दिली का? पहिल्या आठवड्यात ५ ते ७ दिवसांची असताना लासोटा, एक थेंब डोळ्यात किंवा नाकात. दिली नसेल तर कळपात मिसळायच्या आधी द्या, कारण मोठ्या कोंबड्या वरून ठणठणीत दिसल्या तरी रोग त्यांच्याकडून पिल्लांत येऊ शकतो. लसीची कुपी किमान १०० मात्रांची येते आणि एकदा विरघळवली की तास-दोन तासांत संपवावी लागते, म्हणून लोक ७ पिल्लांसाठी नको म्हणतात. वाडीतल्या चार घरांनी एकत्र येऊन आणा. थर्मासमध्ये बर्फ घालून आणायची, खिशातून नाही. पुढे ८ आठवड्यांच्या सुमारास आर-टू-बी (मानमोडीचीच पुढची लस), आणि देवीची लस पण, आपल्याकडे डास भरपूर आणि देवी डासांमुळे पसरते.

दुसरं, खाणं, हे फार जणांना माहीत नसतं. अंडी देणाऱ्या कोंबड्यांचं विकतचं खाद्य, लेयर म्हणतात, त्यात कॅल्शियम साडेतीन-चार टक्के असतं. पिल्लांना लागतं एक टक्क्याच्या आसपास. तेच खाद्य पिल्लांनी आठवडेच्या आठवडे खाल्लं तर मूत्रपिंडं खराब होतात. एकत्र सोडल्यावर कोण काय खातंय ह्यावर राखण कोण करणार. म्हणून सरळ सगळ्यांनाच पिल्लांचं खाद्य द्यायचं आणि शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवायचा. जिला अंड्यासाठी हवा ती खाते, पिल्लं सहसा तोंड लावत नाहीत.

---

तिसऱ्या_आणि_कालवं
१९ नोव्हेंबर, दुपारी २.१०

माझ्या नावाचा उपयोग झाला म्हणायचा 😄 तिसऱ्यांचं (खाडीतल्या शिंपल्यांचं) सुकं केलंस की शिंपल्या फेकू नकोस, चुलीत भाजायच्या, पाट्यावर नाहीतर गोणपाटात घालून बत्त्याने कुटायच्या. कालवांच्या पण चालतात पण कुटताना हात सांभाळ, धार असते.

---

शेवग्याखाली
१९ नोव्हेंबर, रात्री ८.३०

सगळ्यांचे मनापासून आभार. लस नाही दिली, मला कुणी सांगितलंच नव्हतं, उद्या तालुक्याच्या दवाखान्यात विचारते. खाणं म्हणाल तर विकतचं नाहीच देत, कणी, कोंडा, उरलेला भात, आता झोडणी झाली त्यामुळे खळ्यातला पोचट भात आणि बाकी त्यांचं त्या उकरून खातात. पिल्लांना नाचणीचं जाडसर पीठ आणि कणी, आणि शेजारचा मुलगा वाळवीचं ढेकूळ आणून देतो ते फोडलं की नुसती झुंबड.

जखमी पिल्लू आज खाल्लं. नाव टक्कल ठेवलंय.

प्रश्न : कोंबडा काही करेल का पिल्लांना? आणि डालग्यातून बाहेर काढल्यावर पिल्लांच्या वाटणीचं मोठ्या खाऊन टाकतील त्याचं काय?

---

गोठा_खुराडं
१९ नोव्हेंबर, रात्री ९.००

वाळवी उत्तम, प्रथिनं मिळतात, पिल्लांना सुरुवातीला वीस टक्क्यांच्या आसपास प्रथिनं लागतात, नुसत्या कणीवर वाढ खुंटते. नाचणी पण चांगली. जमलं तर सुकट किंवा जवळ्याचा चुरा थोडा घाला, मीठ लावलेली सुकी मासळी मात्र नको.

---

चिरेबंदी
१९ नोव्हेंबर, रात्री ९.२०

कोंबडा सहसा काही करत नाही, उलट घार दिसली की पहिली आरोळी त्याचीच. त्रास असतो तो माद्यांचा, आणि त्यातही खालच्या नंबरच्या कोंबडीचा जास्त, जिला आजवर सगळ्यांनी टोचलं तिला आता टोचायला कुणीतरी मिळालेलं असतं. तिच्यावर लक्ष ठेवा.

पिल्लांच्या खाण्यासाठी ही युक्ती करा, माझ्याकडे वर्षानुवर्षं चालते. दुसरं एक डालगं तीन चिऱ्यांच्या तुकड्यांवर टेकवून ठेवायचं, खालून चार बोटं फट राहील इतकं. आत पिल्लांचं खाणं आणि पाण्याची बशी. पिल्लं खालून सुळकन आत, मोठीचं डोकंच जातं, अंग जात नाही. खाणं मधोमध ठेवा, नाहीतर मान लांबवून ओढतात. ह्याचा खरा उपयोग खाण्यापेक्षा पळून जाण्यासाठी होतो. कुणी मागे लागलं की पिल्लू आत घुसतं. दोन दिवसांत त्यांना कळतं की हे आपलं घर. पिल्लं वाढली की चिरे बदलून फट वाढवत न्यायची.

---

लाटांच्या_काठी
२० नोव्हेंबर, सकाळी १०.४५

मी थोडं वेगळं म्हणेन. आम्ही अलिबागजवळ, माझ्याकडे वनराज आणि कडकनाथ, मी मशीनवर पिल्लं काढते आणि ३ महिने वेगळी वाढवून मगच मिसळते. काही त्रास होत नाही. आईबिईच्या भानगडीत पडायलाच कशाला पाहिजे, घारी, कावळे, मुंगूस, निम्मी पिल्लं जातात.

---

चिरेबंदी
२० नोव्हेंबर, सकाळी ११.३०

ताई तुमच्याकडे ३० जण एकाच वयाचे एकदम मिसळतात, त्यात मार वाटला जातो. यांच्याकडे ७ आहेत. शिवाय वनराजसारख्या जाती सहसा खुडूक होत नाहीत, तुम्हाला मशीनशिवाय पर्याय नाही. गावठीला देवाने अंगातच मशीन दिलंय तर वापरायचं की.

---

लाटांच्या_काठी
२० नोव्हेंबर, सकाळी ११.५०

मान्य. पण वीज बिल सोडलं तर मशीन कुणाला फुगून गुर्र करत नाही 😅

---

मिरगाचा_कोंबडा
२० नोव्हेंबर, दुपारी १२.१५

अंगणात डालगं ठेवणार असाल तर वर जाळं टाका. बंदरावर जुनं फाटकं जाळं कुणीही खलाशी देईल, नायलॉनचं, दोन नारळांच्या मध्ये बांधलं की घारीला झेप घेता येत नाही. फक्त खाली जमिनीवर लोळतं सोडू नका, पाय अडकतात आणि धामण पण अडकते, मग ती सोडवत बसा.

---

शेवग्याखाली
२४ नोव्हेंबर, रात्री ८.५०

अपडेट. लस मिळाली, वाडीतल्या पाच घरांनी मिळून आणली, माझ्या ७ पिल्लांसकट ६२ पिल्लांना झाली, थेंब डोळ्यात टाकताना पिल्लू डोळा मिटतं आणि परत टाकावा लागतो हे कुणी सांगितलं नव्हतं.

डालगं २० तारखेला संध्याकाळी अंगणात ठेवलं. पहिल्या दिवशी सरपंचीण तासभर भोवती घिरट्या घालत होती, काड्यांतून चोच घालत होती. आतून चंद्री अशी फुगली की दुप्पट दिसायला लागली, पंख खाली टेकवून, शेपूट पंख्यासारखी उघडून, आणि सातही पिल्लं तिच्या पोटाखाली, फक्त टक्कलचं पिवळं डोकं बाहेर. दुसऱ्या दिवशी घिरट्या कमी. काल सरपंचीण डालग्याला पाठ टेकून धुळीत लोळत होती. मला वाटतं आता हौस फिटली.

उद्या उचलू का डालगं?

---

तिसऱ्या_आणि_कालवं
२४ नोव्हेंबर, रात्री ९.०५

उचल. संध्याकाळी पाच सव्वापाचला. खुराड्यापासून लांब. दोन-तीन ठिकाणी मूठ मूठ दाणे टाकून ठेव. आणि हातात काठी घेऊन उभी राहू नकोस, माणूस मध्ये पडला की भांडण अर्धवट राहतं आणि रोज नव्याने होतं.

---

चिरेबंदी
२४ नोव्हेंबर, रात्री ९.३०

फक्त रक्त आलं किंवा एकीवर तिघी तुटून पडल्या तर पडा मध्ये. आणि सरपंचिणीला उद्या दुपारपासूनच सरपणाच्या खोलीत टाका, दाणापाणी देऊन, तीन-चार दिवस. तोवर बाकीच्या आणि चंद्री आपसात ठरवून घेतील. ती बाहेर येईल तेव्हा नवखी ती असेल.

---

शेवग्याखाली
२५ नोव्हेंबर, रात्री ९.१५

सोडली!! सरपंचीण आत, त्यामुळे मला निम्मं टेन्शन कमी.

डालगं उचललं तशी चंद्री जागची हललीच नाही, मान उंच करून बघत राहिली. मग कवडी नावाची एक कोंबडी आहे, सगळ्यात खालची, चिरेबंदी दादा तुम्ही म्हणालात तेच, तीच आली टोचायला. एका पिल्लाच्या दिशेने दोन पावलं टाकली असतील नसतील, चंद्री उडाली. म्हणजे खरंच उडाली, पाय पुढे करून छातीवर. दोघी समोरासमोर मानेची पिसं उभी करून, एकदा उडी, दोनदा उडी, तिसऱ्यांदा कवडीने तोंड फिरवलं आणि केळीत निघून गेली. मोजून अर्धं मिनिट. मी इकडे पदर तोंडात धरून उभी. बाकीच्यांनी मान वर करून बघितलं आणि परत दाणे टिपायला लागल्या.

तेवढ्या गोंधळात पाच पिल्लं चिऱ्यांवरच्या डालग्याखाली पळाली, कुणी शिकवलं पण नव्हतं. दोन आईच्या मागे. अंधार पडला तशी चंद्रीने सगळ्यांना क्लक क्लक करत अंगणातल्या डालग्यात नेलं, ते आम्ही उचलून तसंच खुराड्यात आत ठेवलं, तिसऱ्या_आणि_कालवं काकूंनी फोटो बघून सांगितल्याप्रमाणे.

---

गोठा_खुराडं
२५ नोव्हेंबर, रात्री ९.४०

छान. आता एकच लक्ष ठेवा. खुराड्यात खाली तूस कोरडं ठेवा, ओलं झालं की बदला. ३ ते ६ आठवड्यांच्या पिल्लांत रक्ती हगवण ह्याच काळात येते, ओलसर विष्ठेतून. एखादं पिल्लू पिसं फुगवून कोपऱ्यात झोपाळलं किंवा विष्ठेत रक्त दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना, ओवा-हिंग करत बसू नका. पाण्यातून औषध मिळतं, वेळेत दिलं तर बहुतेक पिल्लं वाचतात.

---

शेवग्याखाली
३० नोव्हेंबर, संध्याकाळी ७.२०

सरपंचिणीला २९ला सकाळी सोडली. बाहेर आली, आजूबाजूला बघितलं, सवयीने दाण्याच्या जागी गेली. तिथे चंद्री पिल्लांसकट. मला वाटलं झालं आता. चंद्रीने मान खाली केली, पिसं उभी केली, पण पुढे नाही गेली. सरपंचीणही नाही गेली. बाजूच्या मुठीवर जाऊन खायला लागली. दुपारी एका पिल्लाला टोचलं तिने, पण एकदाच, आणि ते पिल्लू डालग्याखाली.

एक वाईट. काल सकाळी साडेनऊला घार आली. कोंबडा ओरडला, सगळ्या केळीत, चंद्री पिल्लांवर पंख पसरून गडग्याला (दगडी कुंपणाला) चिकटून. जाळं डालग्यावर होतं पण ही सगळी जाळ्याबाहेर, गडग्यापाशी उकरत होती. एक पिल्लू मागे राहिलं. गेलं. टक्कल नाही, दुसरं, पिंगट होतं. सहा राहिली.

---

मिरगाचा_कोंबडा
३० नोव्हेंबर, संध्याकाळी ७.४५

वाईट वाटलं. घारीला एकदा जागा कळली की ती तीन-चार दिवस त्याच वेळेला येते. सकाळी ९ ते ११ आठवडाभर पिल्लांना जाळ्याखालीच ठेवा. गडग्याच्या बाजूला झावळ्या तिरक्या टेकवून ठेवा, पळायला आडोसा.

---

शेवग्याखाली
२२ डिसेंबर, रात्री ८.१०

बरेच दिवस लिहिलं नाही, भाताची कामं, लग्नं. सहाही ठीक आहेत. घार परत दोनदा आली, झावळ्यांमुळे काही मिळालं नाही.

सात दिवसांपूर्वी चंद्री पिल्लांना घेऊन आड्यावर चढली, आधी खालच्या बांबूवर, पिल्लांना उडता येईना तर अर्धा तास वर-खाली करत राहिली. आता सगळी वर झोपतात. तिचा तुरा परत लालभडक झालाय आणि काल खुराड्यात तिचं अंडं मिळालं. आज सकाळी टक्कल तिच्या चोचीतलं ओढायला गेला तर तिनेच त्याला टोचून हाकललं. ओरडत माझ्याकडे आला बिचारा. डोक्यावर पिसं आलीत पण पांढरी, बाकी सगळा काळा, त्यामुळे लांबून ओळखू येतो. पेंगाच आहे बहुतेक. नवरा म्हणतोय हा मिरगाला (मृग नक्षत्राला) कापायचा, मी म्हटलं हात लावून बघ.

आणि हो, कवडी आज दुपारपासून अंड्यांवरून उठत नाहीये. हात घातला तर फुगते. ह्या वेळी टोपली पडवीत ठेवणार आहे. खाली ९ घालू की ११?

---

तिसऱ्या_आणि_कालवं
२२ डिसेंबर, रात्री ८.२५

कवडी लहान चणीची आहे ना फोटोत? ९. थंडी आहे, कडेची अंडी उबत नाहीत. काळोख पडल्यावर बसव.